लाल टोपीच्या दहा रेघा

मित्रांनो, मी एक जुनी सिरिंज आहे. वापरून झिजलेली नाही, नुसती पडून राहून जुनी झालेली. करंगळीहून थोडी लांब, अंगावर काळ्या रेघा, आत मागेपुढे सरकणारा दट्ट्या आणि सुईवर लाल टोपी. या टोपीचा मला फार तोरा होता. काल त्याच टोपीकडे बघून एका डॉक्टरबाईंचा चेहरा उतरला, तेव्हा कुठे माझा तोरा उतरला.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथे माणसं कमी आणि यंत्रं फार. एक यंत्र आमच्या अंगावर रेघा ओढायचं, दुसरं सुई बसवायचं, तिसरं टोपी घालायचं. शेजारच्या पट्ट्यावरून केशरी टोपीवाल्या बहिणी जायच्या. दिसायला आम्ही सारख्याच, औषधही पोटात सारखंच मावतं. पण माझ्या पोटाचे चाळीस भाग पाडलेत आणि तिच्या पोटाचे शंभर. त्यामुळे माझ्या रेघा ऐसपैस, तिच्या दाटीवाटीच्या. माझ्या दहा रेघा भरल्या, तर तिच्या पंचवीस भरतील एवढं औषध होतं. चाळीसच्या ताकदीचं इन्सुलिन असेल त्याला मी, शंभरच्या ताकदीचं असेल त्याला ती. टोपीचे रंग त्यासाठीच वेगळे ठेवलेत. मित्रांनो, एवढी गोष्ट ध्यानात धरा. ती ज्यांना कुणी सांगितली नाही, त्यांची ही हकिकत आहे.

एका पुड्यात आम्ही दहाजणी सुरतेला आलो आणि डिंडोलीतल्या मेडिकलमधून शांताबाईंच्या घरी गेलो. शांताबाई मूळच्या धुळ्याकडच्या. मुलगा हिलाल पलसाण्याच्या प्रोसेस हाउसमध्ये साड्या रंगवायच्या कामावर. संध्याकाळी घरी यायचा तेव्हा त्याच्या नखांत कधी जांभळा रंग, कधी हिरवा. शांताबाईंना साखरेचा आजार होता, आणि रोज सकाळी त्यांना इंजेक्शन द्यायची ती हिलालची बायको, थोरली सून मंगला. बाटलीवर चाळीस लिहिलेलं, आमच्यावर चाळीस लिहिलेलं, जोडी बरोबर जुळलेली. मंगला रेघ बघायची, बाटली उजेडात धरायची, बुडबुडा टिचकीने उडवायची. शांताबाई म्हणायच्या, "मनी सूनना हात हलका शे. माले समजत बी नही." आम्ही पुड्यात बसून ऐकायचो आणि आपलीच तारीफ समजून खूश व्हायचो.

एकेक करून माझ्या नऊ बहिणी कामी आल्या. माझी पाळी येणार, तोच शांताबाई गेल्या. मंगलाने माझा पुडा सासूबाईंच्या चष्म्याच्या घरात ठेवला. चष्मा आणि मी, दोघंही बिनकामाचे, कपाटाच्या वरच्या फळीवर पडून राहिलो. टाकून द्यायला तिचा जीव झाला नाही. चांगली वस्तू टाकायची कशी, हा त्या घरचा स्वभावच.

जाताना शांताबाईंनी मंगलाकडे एक काम सोपवलं होतं. कानबाई ही खानदेशातल्या माणसांची देवी. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी ती घरात बसते आणि सोमवारी नदीवर जाते. त्या घरची रीत अशी, की निघताना थोरल्या सुनेने तिला डोक्यावर घ्यायचं आणि ढोलाच्या मागे नाचवत चौकापर्यंत न्यायचं. तिथून पुढे टेम्पोने तापीवर. शांताबाईंनी मरणाच्या आधी मंगलाचा हात धरून म्हटलं होतं, "आते कानबाई तुना डोकावर."

पण मंगलाचं अंग तिला साथ देईना. पाळी गेल्यापासून वजन वाढत चाललं होतं. जेवण तेवढंच, काम तेवढंच, आणि तरी ब्लाउज दंडात रुतायला लागले. रात्री अंगातून वाफा निघाल्यासारख्या निघायच्या. दिवसभर जमिनीवर बसून साड्यांना खडे चिकटवायचे, उठताना भिंत धरायची. मोठ्या बायकांच्या अंगात या वयात असे बदल होतात, त्याला उपाय असतात, तपासण्या असतात. पण मंगला कुणाला विचारणार? गल्लीत बायका फक्त हसून म्हणायच्या, "मंगलाबाई, सुरतचं खाणं मानवलं हं तुम्हाला."

गेल्या साली तिने कानबाई उचलली आणि अर्ध्या गल्लीत तिचे गुडघे थरथरायला लागले. ढोल थांबला. धाकटी जाऊ आनंदी पुढे आली आणि देवी तिने आपल्या डोक्यावर घेतली. आनंदीने चांगल्या मनाने घेतली, पण सगळ्या गल्लीसमोर घेतली. मंगला घरी आली आणि कपाटाला डोकं टेकून उभी राहिली. मी आतच होते. तिचं रडणं मी ऐकलं, तेव्हा मला फार वाईट वाटलं.

या उन्हाळ्यात ती सुरतेतल्याच पर्वत पाटिया भागात साड्यांचा गठ्ठा पोचवायला गेली, तेव्हा तिला हेतलबेनचं पार्लर सापडलं. हेतलबेन मंगलाच्याच वयाची, हसरी, आणि बारीक झालेली. तिच्याकडे एक इंजेक्शन होतं. पेप्टाइडचं म्हणतात, भूक मारतं, वजन उतरवतं, आठवड्यातून एकदाच घ्यायचं. डॉक्टर हे देतात तेव्हा आधी रक्त तपासतात, मूत्रपिंडं बघतात, इवल्याशा मापाने सुरू करतात आणि अंगाला सोसलं तरच हळूहळू वाढवतात. हेतलबेनकडे कुणा ओळखीच्या माणसाने आणलेली पावडरची बाटली होती, तिच्यावर धड लेबलही नव्हतं. तीच पावडर ती पाण्यात कालवायची, स्वतः घ्यायची आणि चार मैत्रिणींना द्यायची. तिच्या मनात पाप नव्हतं. स्वतःला मानवलं ते सगळ्यांना मानवेल, एवढाच तिचा हिशेब.

पहिली काही इंजेक्शनं हेतलबेननेच टोचली, केशरी टोपीच्या सिरिंजने. मंगलाला थोडं मळमळलं, पण वजन खरंच उतरलं. गुडघे हलके वाटायला लागले. घरी कुणापाशी तिने ब्र काढला नाही. हिलालला वाटलं, देवीसाठी बायको उपास करतेय.

मग कानबाई जवळ आली. भिंती पोतारायच्या, भांडी घासायची, प्रसादाचे गहू निवडायचे. पर्वत पाटियाला जायला सवड कुठली? हेतलबेनने बाटली बर्फाच्या पिशवीत घालून तिच्या हाती दिली आणि म्हणाली, "मंगलाबेन, टेन्शन मत लो. तुम तो सासू को देती थी ना? दस पॉइंट लेवानुं, हप्ते में एक बार, बस." पॉइंट म्हणजे रेघ. ती सिरिंजही देत होती. मंगला म्हणाली, "सुई आहे घरी."

मित्रांनो, ती सुई म्हणजे मी.

तिने चष्म्याचं घर उघडलं तेव्हा इतक्या काळानंतर माझ्यावर उजेड पडला आणि मला केवढा आनंद झाला. वाटलं, अखेर माझीही पाळी आली. तिने पुडा फोडला, टोपी काढली, सुई बाटलीत घातली आणि दट्ट्या मागे ओढला. दहाव्या रेघेवर थांबली. मग तिच्या कपाळावर आठी पडली. बाटली उजेडात धरून ती पुटपुटली, "आज जास्ती कसं दिसस?"

मी मनातल्या मनात ओरडत होते, "मंगला, थांब. तिच्या दहा रेघा आणि माझ्या दहा रेघा एक नाहीत. माझी टोपी बघ, माझ्या अंगावरचा आकडा बघ." पण सिरिंजला तोंड असतं ते फक्त टोचायला. मंगलाने रेघा पुन्हा मोजल्या. दहाच भरल्या. तिचा हात मापाला कधी चुकत नसे, आणि त्या हातावर तिचा विश्वास होता. तिने पोटाची चिमूट धरली आणि मला टोचलं. अडीचपट औषध माझ्यातून तिच्या अंगात गेलं. हात इतका हलका, की तिला कळलंसुद्धा नाही.

नंतर तिने मला गरम पाण्याने धुतलं आणि परत चष्म्याच्या घरात ठेवलं. एकदा वापरलेली सुई पुन्हा वापरू नये म्हणतात. पण तिथे कोण म्हणणार?

दुसऱ्या दिवसापासून उलट्या सुरू झाल्या. मंगलाला वाटलं, दगदगीचं असेल, चुलीपुढे बसल्याचं असेल. तिने हेतलबेनला फोन केला. पलीकडून आवाज आला, "सबको होता है, नींबू पानी पी लो." कुठल्या सुईने घेतलं, हे तिने विचारलं नाही आणि हिनेही सांगितलं नाही. दोघींच्याही मनात तो प्रश्न आलाच नाही.

कानबाई बसली. सोमवारी सकाळी मंगलाने दात आवळून देवी डोक्यावर घेतली. दाराबाहेर आली, आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. आनंदी शेजारीच होती, तिने एका हाताने देवी सावरली आणि दुसऱ्या हाताने जावेला. "बाई, तुले काय व्हयनं?" तिने विचारलं. मंगला म्हणाली, "काही नही. उपास शे." यंदा तर तिला गल्लीसुद्धा गाठता आली नाही.

खरा छळ पुढे सुरू झाला. कानबाईचे रोट म्हणजे प्रसादाच्या पोळ्या. त्या भाऊबंदांतच खायच्या, बाहेरच्याला द्यायच्या नाहीत, संपेपर्यंत घरात दुसरं अन्न शिजवायचं नाही, आणि टाकायच्या तर मुळीच नाहीत. हात धुतलेलं पाणीसुद्धा कुणाच्या पायाखाली येणार नाही असं ओतायचं. आणि मंगलाच्या पोटात तर घास ठरेना. त्या औषधाने पोट इतकं सुस्त केलं होतं, की कालचा घास आजही जागचा हलत नसे. ताटावर बसली की सगळ्यांची नजर तिच्याकडे. ती घास गिळायची आणि मोरीत जाऊन नळ सोडायची, म्हणजे ओकल्याचा आवाज बाहेर जाणार नाही. मग उकिडवी बसून बघत राहायची. देवीचा प्रसाद गटारात चालला होता. तिने मोरीत हात जोडले आणि म्हणाली, "माय, माले माफ कर. मी मुद्दाम नही करस."

मोरीच्या फळीवर, साबणामागे, तिने लपवलेल्या चष्म्याच्या घरात मी होते. झाकण किलकिलं होतं. मित्रांनो, तिला वाटत होतं देवी कोपली आहे. आणि खरं कारण तिच्यापासून हातभर अंतरावर पडलं होतं, आणि त्या कारणाला बोलता येत नव्हतं. एवढी लाचारी मी त्या बंद कपाटातही कधी सोसली नव्हती.

आणि मग तिने ती चूक केली. आठवडा भरायला अजून अवकाश होता. पण तिच्या मनाने घेतलं, की इतक्या उलट्या झाल्या त्यात औषधही पडून गेलं असणार. गोळी ओकली की दुसरी घ्यायची, हे ती सासूबाईंच्या आजारपणापासून शिकलेली. औषध पडून गेलं, आता वजन परत चढणार, पुढल्या साली पुन्हा आनंदीच पुढे येणार. तिने मला हातात घेतलं. रेघा पुन्हा अगदी बरोबर दहा.

मी दट्ट्या घट्ट धरून ठेवायचा प्रयत्न केला. खरंच केला. पण दट्ट्या माझा कुठे, तो ज्याचा अंगठा त्याचा. मला ओढताही येतं आणि ढकलताही येतं, पण अंगात एकदा ढकललेलं परत ओढता येत नाही. जगातल्या कुठल्याच सिरिंजला ते जमलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी मंगला मोरीतच पडली. ओठ सुकून फुटलेले, लघवी जवळजवळ बंद, पोटातून पाठीत कळ. हिलाल पलसाण्याहून रंगाच्या हातांनीच धावत आला. आनंदीने आधारकार्डासाठी मंगलाची पर्स उचलली. त्याच सकाळी मंगलाने मला चष्म्याच्या घरासकट पर्समध्ये लपवलं होतं, म्हणून मीही दवाखान्यात पोचले.

डॉक्टर मृणाल तिथे होत्या. त्यांनी पोट दाबून पाहिलं, डोळे पाहिले, मग विचारलं, "कुठलं औषध घेता? इंजेक्शन, काढा, वजनाचं काही?"

मंगलाने एकदा हिलालकडे पाहिलं, एकदा आनंदीकडे. "काही नाही," ती म्हणाली.

हिलाल म्हणाला, "डॉक्टर, घरात कानबाईचे रोट चालू आहेत. तेच बाधले असतील."

माझा जीव कासावीस झाला. वाटलं, झालं, आता पोटाचं दुखणं म्हणून पोटाचं औषध देतील आणि त्या विषाला तसंच राहू देतील. पण डॉक्टरबाईंनी हिलाल आणि आनंदी दोघांना बाहेर पाठवलं. पडदा ओढला. स्टूल ओढून मंगलाच्या उशाशी बसल्या.

"आता सांगा."

मंगलाच्या डोळ्यांतून पाणी यायला हवं होतं, पण अंगात पाणीच नव्हतं. ती म्हणाली, "प्रसाद पोटात राहत नाही. देवी रागावलीय माझ्यावर."

"देवीचं नंतर बघू. तुम्ही अंगात काय घेतलंत?"

मंगलाने पार्लरमधलं वजनाचं इंजेक्शन, घरी दोनदा घेतलेल्या दहा-दहा रेघा, सगळं सांगितलं आणि पर्सकडे बोट केलं. डॉक्टरबाईंनी चष्म्याचं घर उघडलं. मी होते, आणि माझी लाल टोपी. त्या माझ्याकडे बघतच राहिल्या.

"ही कुठली?"

"सासूबाईंची. इन्सुलिनची."

"आणि पार्लरमध्ये जी वापरत होते, तिची टोपी कुठल्या रंगाची होती?"

मंगलाने डोळे मिटून आठवलं. "केशरी."

माझ्या टोपीकडे बघून डॉक्टरबाईंचा चेहरा उतरला. मग त्यांनी मला दिव्यासमोर धरून माझ्या रेघा दाखवल्या आणि सगळं समजावलं. जे मी इतके दिवस ओरडून सांगत होते, ते माझ्या टोपीने एका क्षणात सांगितलं. पण फार उशिरा. "याला उतारा नाही," त्या म्हणाल्या. "हे औषध लगेच जात नाही, आठवडेच्या आठवडे अंगात राहतं. तोवर सलाईन लावायचं आणि मूत्रपिंडं सांभाळायची. त्यात त्या बाटलीत नेमकं काय होतं, तेही आपल्याला माहीत नाही."

मंगलाने अगदी हळू विचारलं, "मग ते उलटीत पडून नव्हतं गेलं?"

"टोचलेलं औषध उलटीत पडत नाही हो, मंगलाताई."

हे ऐकून मंगलाने तोंड भिंतीकडे फिरवलं. मला तिच्याकडे बघवेना.

हिलालला बोलावून सांगितलं, तेव्हा तो रागावला नाही. नुसता आपल्या रंगलेल्या नखांकडे बघत बसला. "माले सांगतीस तर," एवढंच म्हणाला. आनंदी मात्र पलंगाच्या कडेला बसली आणि जावेचे पाय मांडीवर घेऊन चोळायला लागली. मंगला म्हणाली, "कानबाई उचलानी व्हती माले. आईनी सांगेल व्हतं." आनंदीचे डोळे भरून आले. ती म्हणाली, "बाई, आपण दोन्ही मिळीसन उचलसूत. नही जमनं ते तू नुसती बठी ऱ्हाय. पण ऱ्हाय."

रात्र गेली, सकाळ झाली. पलंगाखाली लघवीची पिशवी टांगलेली आहे. मूत्रपिंडं चालतायत का हे कळायला येणारा जाणारा आधी तिच्याकडे बघतो. ती रिकामीच आहे.

आता वॉर्डातल्या कलाबाई मला टाकायला आल्या आहेत. त्यांच्या हातात पांढरा डबा आहे. आमच्यासारख्या वापरलेल्या सुया त्यात जातात आणि परत बाहेर येत नाहीत. तसं माझं काहीच म्हणणं नाही. हा डबा मला मंगलाच्या घरी शांताबाईंच्या मागोमाग मिळाला असता, तर आज ही वेळ आली नसती.

मित्रांनो, जाता जाता तुम्हाला हात जोडून सांगते, मला हात नसले तरी. तुमच्या घरात आई असेल, मावशी असेल, आजी असेल. त्यांचं अंग बदलतं तेव्हा त्यांना हसू नका. त्यांना विचारा, की काय होतंय, आणि त्यांच्याबरोबर डॉक्टरकडे जा. नाव नसलेल्या बाटलीतलं औषध, ते कितीही आपल्या माणसाने दिलेलं असो, अंगात जाऊ देऊ नका. औषध आणि सुई एका मापाची आहेत का, हे विचारायला लाजू नका. गेलेल्या माणसाचा चष्मा आठवण म्हणून ठेवा, सुया ठेवू नका. आणि घरातली बाई मोरीत नळ सोडून फार वेळ बसली, तर दार वाजवा. मंगलाचं दार कुणी वाजवलं नाही.

कलाबाईंनी डब्याचं तोंड उघडलं. मला आत सोडण्याआधी त्या सवयीने वाकल्या, पलंगाखालची पिशवी हातात धरली, उजेडाकडे वळवली. हिलाल उभा राहिला. आनंदीचे हात मंगलाच्या पायांवर थांबले.

"थोडी आलीय," कलाबाई म्हणाल्या.

हिलाल मटकन खाली बसला आणि रंगलेल्या हातांत तोंड झाकून रडायला लागला. कलाबाईंनी मला डब्यात सोडलं. पुढे पिशवी भरली की नाही, ते मला कधीच कळणार नाही.